दिवेलागणीला न बोलायचे शब्द

सोफीबाई आमच्याकडे यायच्या तेव्हा आई वाती वळत बसलेली असे. दवाखान्यातून त्यांना सुटायला तीच वेळ व्हायची. उन्हं उतरलेली, मशिदीतली अजान नुकतीच संपलेली, बिंदुसरा नदीवर धुणं बडवण्याचे आवाज एकेक करून थांबत आलेले. पुढच्या सोप्यात अण्णांचे पक्षकार उठायच्या बेतात असत. अण्णा वकील होते. अदालतीचं सगळं काम उर्दूत चाले, त्यामुळे आमच्या घरात मराठी, उर्दू आणि दखनी अशा तिन्ही भाषा दिवसभर ये-जा करत. इंग्रजी मात्र माझ्या एकटीचं होतं. हैदराबादेत आत्याकडे राहून मी मिशनच्या शाळेत शिकले होते. लढाई सुरू झाली, शाळेची इमारत लष्कराच्या इस्पितळाला दिली गेली आणि आम्ही मुली आपापल्या गावी आलो. बीडमध्ये माझ्या इंग्रजीला काहीच काम नव्हतं. काशीहून आणलेलं एखादं भांडं फळीवर ठेवावं आणि पाहुण्यांना लांबूनच दाखवावं, तसं ते होतं. मी मुळातच अबोल. शाळेतून आल्यापासून आणखीच गप्प झाले होते. आई म्हणायची, पोरगी शिकून आली का बोलणं विसरून आली, कळंना.

सोफीबाईंचं खरं नाव झोफिया. जनाना दवाखान्यातल्या आयांनी त्याचं सोफीबाई केलं आणि तेच गावभर झालं. त्या पोलंडच्या. कोल्हापूरकडे त्यांच्या देशाच्या निर्वासितांची छावणी होती. तिथून एका ओळखीवर त्या नर्स म्हणून बीडला आल्या होत्या, कारण लढाईमुळे आमच्या दवाखान्यात शिकलेली नर्स मिळत नव्हती. पोलंड कुठे आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी माझा शाळेतला नकाशा काढून आईला दाखवला. आईनं बोटानं अंतर मोजून पाहिलं आणि विचारलं, "येवढं लांब? आन कावून आली ही बाई हिकडं?" अण्णा म्हणाले, आली नाही, आणली. आधी रशियात बर्फात नेऊन टाकलं, मग तिथून सुटली. आईला बर्फ ठाऊक नव्हता. तिनं नकाशा मिटून माझ्याकडे दिला.

पहिल्या दिवशी आईनं त्यांना भाकरी आणि येसराची आमटी वाढली. खाताना नाकातून पाणी आलं तरी त्यांनी वाटी पुसून खाल्ली. भाकरीचा तुकडा हातात धरून त्या मला म्हणाल्या की आमच्याकडचा काळा पाव याच वासाचा असतो. मी ते आईला सांगितलं. आई खूश झाली. "भाकर खाती, मंजी माणसातलीच हाय," म्हणाली. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती, कारण बाईंनी आमटीतला लाल मिरचीचा तुकडा भाजी समजून चावला होता आणि सांगावं कुणी हेच कुणाला सुचलं नव्हतं.

त्या माझ्याकडे येऊ लागल्या त्याचं कारण त्यांची मुलगी. हान्या तिचं नाव. रशियातून इराणात येताना सोफीबाईंना ताप आला, त्यांना उतरवून इस्पितळात टाकलं आणि मुलीला पोरक्या मुलांच्या गाडीत बसवून पुढे पाठवलं. ती मुलं काठेवाडातल्या एका छावणीत होती. आई जिवंत आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, मुलीची नोंद अनाथ म्हणून झाली होती. आता त्या अनाथ मुलांना जहाजानं फार दूरच्या देशात पाठवायचं घाटत होतं. सोफीबाईंनी अर्जांवर अर्ज केले तेव्हा कुठे कळलं की एक इंग्रज अधिकारी औरंगाबादेला दौऱ्यावर येणार आहे, त्याच्यासमोर स्वतः उभं राहून सगळी हकीकत सांगावी, त्याची खात्री पटली तर मुलगी मिळेल. दुभाष्या मिळणार नव्हता. सोफीबाईंचं इंग्रजी दवाखान्यातलं. जीभ दाखवा, पाणी उकळा, उद्या या. त्यावर मुलगी मिळेल असं त्यांना वाटत नव्हतं. साहेबासमोर आपण अडाणी दिसलो तर तो म्हणेल ही कसली आई, अशी त्यांना धास्ती होती. त्यांना मोठे शब्द हवे होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांपाशी विषय काढला आणि अण्णा म्हणाले, आमची कुसुम आहे की. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

येताना त्या दवाखान्यातल्या धुतलेल्या पट्ट्या पिशवीत घालून आणत आणि शिकता शिकता गुंडाळत बसत. एक शब्द घोकून झाला की एक पट्टी गुंडाळून होई. मला आधी वाटलं होतं की अवघड शब्द त्यांना जड जातील. झालं उलटंच. ट्रान्सपोर्ट, डिपोर्टेशन, इव्हॅक्युएशन असले माझ्या पुस्तकातले लांबलचक शब्द मी उच्चारले की त्या मान डोलवत, कारण त्यांच्या भाषेत तेच शब्द थोड्या वेगळ्या तोंडानं म्हणत. लॅटिनचं देणं दोन्ही भाषांना सारखंच मिळालेलं. अडायचं ते चिमुकल्या शब्दांपाशी. ए आणि द हे दोन शब्द त्या हटकून गाळत. पोलिशमध्ये ते नाहीत. मराठीतही नाहीत, म्हणून त्यांनी गाळले की मलाही चुकल्यासारखं वाटत नसे, मग शाळेतल्या सिस्टरचा आवाज कानात येई आणि मी त्यांना थांबवी. आणखी एक गोष्ट मला त्या दिवसांत कळली, ती मी कुणाला सांगितली नाही. मला येत होते ते बहुतेक शब्द मी पाठ केलेले होते. डेसोलेट म्हणजे उजाड, ओसाड. निबंधात घातला की गुण मिळत. सोफीबाई विचारत, हा शब्द घराला लावायचा की माणसाला? दोन्हीला, असं मी पुस्तकावरून सांगे. त्या थोडा वेळ पट्टी तशीच हातात धरून बसत आणि म्हणत, बरोबर, दोन्हीला.

आता हे लिहिताना माझ्या लक्षात येतं की त्यांचा माझ्यावर किती विश्वास होता. मी सतरा-अठरा वर्षांची, कुणाच्या डोळ्याला डोळा न देणारी मुलगी. त्या माझ्याकडून एकेक शब्द असा घेत की जणू मी तो वापरून पाहिलेला आहे.

आमच्या घरात, जसं तेव्हा सगळ्यांच्याच घरात, काही गोष्टी उघड बोलायच्या नसत. तेल संपलं म्हणायचं नाही, तेल वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही. घराबाहेर पडताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. दिवेलागणीच्या वेळी तर आई फारच जपायची. दिव्यासमोर बोललेलं घराला लागतं असं तिचं म्हणणं. त्या वर्षी तिचा धाक जास्तच होता, कारण वहिनीला दिवस होते. पहिल्या बाळंतपणाला ती लिंबागणेशला माहेरी गेली होती. तिथून रिकाम्या हातानं परत आली. ते मूल आमच्या घरी कुणी पाहिलं नव्हतं आणि त्याचा विषयही कुणी काढत नसे. शेजारणी विचारत तेव्हा आई सांगे, देवाच्या घरी गेलं, आणि लगेच भाजीपाल्याचं काहीतरी काढी. दादा सिरसाळ्याला आडतीच्या कामात असे, तो महिन्या-पंधरा दिवसांनी येई, तोही काही बोलत नसे. यावेळी आईनं वहिनीला माहेरी पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. बीडला दवाखाना आहे, इथंच होऊ दे, म्हणाली.  वहिनी आमच्या धड्यांच्या वेळी भिंतीला टेकून लसूण सोलत बसे.

हकीकत जुळवायला आम्ही सुरुवात केली आणि चौथ्या-पाचव्या वाक्यापाशीच अडलो. रशियात बाईंचे यजमान गेले आणि त्यांच्यानंतर धाकटा मुलगा, यानेक. सोफीबाईंना डाय हा शब्द येत होता, दवाखान्यात रोजच लागे. पण त्यांना नेमका हवा होता. थंडीनं वेगळा, भुकेनं वेगळा, जमीन गोठलेली म्हणून पुरता न येणं याला वेगळा. त्या शांतपणे विचारत होत्या. आईनं नुकताच दिवा लावून हात जोडले होते. बाईंच्या बोलण्यात आलेला डेड हा शब्द दवाखान्यामुळे तोपर्यंत बीडमधल्या बायकांनाही कळू लागला होता. आई वळली आणि मला म्हणाली, "काय इचारती ती?"

मी सांगितलं.

"दिव्याम्होरं न्हाई," आई म्हणाली. "सांग तिला. पोटुशी बाई बसलीया हितं."

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे संध्याकाळी हे शब्द बोलत नाहीत. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि अगदी सरळ मनानं मला विचारलं, मग तुम्ही ते कधी बोलता?

 त्यांनी पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली आणि आम्ही पुढचं वाक्य घेतलं, रेल्वेच्या डब्याचं. त्यानंतर बरेच दिवस आमची हकीकत तशीच वाढत गेली. आगगाड्या, जंगलातलं लाकूडतोडीचं काम, इराणातलं इस्पितळ, तापाची लक्षणं, सगळं चांगल्या इंग्रजीत झालं. मधली जागा मोकळी राहिली. त्या जागेपाशी आलं की बाई थांबत आणि हातानं पुढे चला अशी खूण करत.

आईबद्दल कुणाचा गैरसमज होऊ नये. तिनं बाईंना कधी कमी लेखलं नाही. त्या यायच्या त्या दिवशी ती धपाटे करी, दह्याची वाटी भरून ठेवी, सीताफळांच्या दिवसांत पिकलेलं फळ त्यांच्यासाठी तांदळात झाकून ठेवी. तिला फक्त वहिनीची भीती होती. म्हणजे वहिनीसाठी.

मग एके दिवशी दुपारी मी वहिनीला तपासायला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून आम्ही आवारातल्या लिंबाखाली बसलो. सोफीबाईंनी आम्हाला पाहिलं आणि हात पुसत आल्या. औरंगाबादची तारीख कळली होती, वेळ थोडा राहिला होता. त्यांनी वर पाहिलं, भर ऊन होतं. मला म्हणाल्या, आत्ता चालेल?

आम्ही ती मधली जागा भरायला घेतली. स्टार्व्ह हा शब्द मी त्यांना दिला. भुकेनं मरणं. त्यांनी तो दोनदा म्हटला आणि यानेकच्या नावापुढे लावला. मग गोठणं, मग पुरणं. जमीन इतकी कठीण होती की त्यांनी त्याला बर्फात ठेवलं आणि वसंतात परत जायचं ठरवलं, पण वसंताच्या आत त्यांना दुसरीकडे हलवलं. हे वाक्य लांब होतं. ते आम्ही तीनदा जोडून पाहिलं.

वहिनी इतका वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत होती. तिनं विचारलं, "काय सांगत्यात वन्सं?"

इथे दिवा नव्हता. तरी मी आजूबाजूला पाहिलं. मग सांगितलं, त्यांचा मुलगा उपाशी मेला. पुरताही आलं नाही.

वहिनी काडी टाकून सरळ बसली. "माझंबी मेलं," ती म्हणाली. मी तिच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. घरात कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. "समदे म्हनत्यात देवानं नेलं. कुनी नेलं न्हाई. माझ्या मांडीवर मेलं. मी बघत हुते."

सोफीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. शब्द सगळे लहान होते, एकदाही अडले नाही. त्यांनी विचारलं, बाळाचं नाव काय होतं? वहिनी म्हणाली, "बाराव्याच्या आदीच गेलं. नाव ठिवलंच न्हाई." मी तेही सांगितलं.  सोफीबाईंनी वहिनीचा पाय आपल्याकडे ओढला, सूज आहे का पाहण्यासाठी अंगठ्यानं दाबला आणि तसाच हातात धरून ठेवला. थोड्या वेळानं वहिनीनं मला विचारलं, त्यांच्या पोराचं नाव परत सांगा. मी सांगितलं. "यानेक," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली.

औरंगाबादेला आम्ही तिघं गेलो, अण्णा, सोफीबाई आणि मी. मोटारीत त्या ओठ हलवत घोकत होत्या. साहेबाचा मुक्काम एका बंगल्यात होता. अण्णांना व्हरांड्यात बसवलं, मला आत येऊ दिलं, पण बोलायचं बाईंनीच असं बजावलं. साहेब वयस्कर होता, थकलेला, सभ्य. त्याच्यासमोर छावणीतून आलेला एक कागद होता. त्यानं विचारलं, मुलीला घरी काय म्हणता? बाईंनी लाडाचं नाव सांगितलं. तिच्या अंगावर काही खूण आहे? डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे, दूध उतू गेलं होतं. तुमच्या घराच्या समोर काय होतं? बाई म्हणाल्या, चिंचोळा रस्ता, मग तळं, तळ्यात बदकं. साहेबानं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, मुलीनंही हेच सांगितलंय. तो हसला. म्हणाला, बाई, तुमची मुलगी तुमच्याकडे येईल, मी तसं लिहितो.

एवढंच. सगळं दवाखान्यातल्या इंग्रजीत झालं.

सोफीबाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मला आणखी सांगायचं आहे. साहेब म्हणाला, त्याची गरज नाही, माझी खात्री झाली. त्या म्हणाल्या, माझा मुलगा, आणि पुढे स्टार्व्ह हा शब्द आला, अगदी बरोबर, जसा आम्ही बसवला होता. साहेबाचा चेहरा खरोखर उतरला. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला, त्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि स्वतः दार उघडून धरलं. त्याच्या मनात दयाच होती, हे मला तेव्हाही दिसलं. बाहेर आणखी लोक बसलेले होते.

परतीच्या वाटेवर अण्णा फार खुशीत होते. काम फत्ते, काम फत्ते, असं दोनदा म्हणाले. गेवराईला मोटार थांबली तेव्हा त्यांनी पेरू घेतले. सोफीबाईंनी पेरू मांडीवर ठेवला आणि बीड येईपर्यंत तसाच ठेवला. आम्ही घरी पोचलो तेव्हा आई काडेपेटी हातात घेऊन दिव्यापाशी उभी होती. अण्णांनी बातमी सांगितली. आईनं बाईंच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तेव्हा तिला त्यांचे गाल ओले लागले.

"पोरगी मिळाली, मग रडती कावून?"

मी म्हटलं, त्यांना मुलाचं सांगायचं होतं, साहेबानं ऐकलं नाही.

आई उभीच राहिली. वहिनी तिच्याकडे बघत होती. वहिनीनं इतकं रोखून सासूकडे पाहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आईनं काडेपेटी कोनाड्यात ठेवली आणि खाली बसली. "सांग म्हनावं तिला," ती म्हणाली. "दिवा लावायचाय अजून."

मग अंधारत्या घरात सोफीबाईंनी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, मोठ्या शब्दांत, जसं बसवलं होतं तसं. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. अण्णा उंबऱ्यापाशी पागोटं हातात धरून उभे होते.  शेवटी शेवटी आम्हाला एकमेकींची तोंडं दिसत नव्हती. आईनं एकच विचारलं, पोरगं केवढं होतं? सहाचं, मी सांगितलं. त्या रात्री आमच्याकडे दिवा फार उशिरा लागला आणि आईनं त्यावर नंतर कधी काही बोलणं काढलं नाही.

हान्या आली तोवर वहिनीला मुलगी झाली होती, तीही सोफीबाईंच्या हातून. छावणीतली एक बाई हान्याला मोटारीनं घेऊन आली. बारा वर्षांची, दोन वेण्या, आईच्या खांद्याला लागलेली. मायलेकी मोटारीपाशी किती वेळ उभ्या होत्या, किती रडल्या, ते मी लिहीत नाही, मी पाठ फिरवून उभी होते. आईचा आग्रह होता की पहिलं जेवण आमच्याकडेच व्हावं. पिठलं, भाकरी, गूळ-तूप. हान्या खाली मान घालून, हात न थांबवता जेवत होती. भाकरीचा एक तुकडा तिनं ताटाच्या कडेला लपवल्यासारखा बाजूला ठेवला होता. जेवता जेवता तिनं घरभर नजर फिरवली, आमची तोंडं बघितली, दाराकडे बघितलं, आणि आपल्या भाषेत आईला काहीतरी विचारलं. मला त्यातला एकच शब्द कळला. वहिनीलाही तोच कळला असणार, कारण ती बाळाला छातीशी घेऊन उठली आणि आतल्या घरात गेली.

यानेक, असं त्या प्रश्नात होतं.

मुलीला माहीत नव्हतं. रशियात यानेक गेला तेव्हा ती दुसऱ्या बराकीत तापात पडून होती; त्याचं काय झालं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की तिनं तेव्हा ऐकून मनातून पुसून टाकलं होतं, मला कधी कळलं नाही. साहेबासाठी आम्ही किती शब्द जमवले होते. याच्यासाठी काहीच तयारी केलेली नव्हती. सोफीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्या तिच्याकडे बघून एक शब्द बोलल्या. फार लहान होता तो.

हान्यानं मान हलवली. मग पुढचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि जेवत राहिली. आईनं न विचारता तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. काय विचारलं, काय सांगितलं, हे मला कुणी विचारलं नाही.